गाय, पोपट आणि मोती: बडोद्यात घरची जनावरं नियमात आणताना

आमच्या आत्याच्या घरच्या जनावरांचं प्रकरण जूनमध्ये एकदाचं मार्गी लागलं. जानेवारीत सुरू झालं होतं. मधल्या काळात ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले. कुणाच्या वाड्यात गाय, कुणाच्या गच्चीत पोपट, कुणाला सोसायटीने कुत्र्यावरून पत्र दिलेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: जायचं कुठे? म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आत्या 79 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दांडिया बाजारात आजोबांच्या वेळचं घर, पुढे ओटला, मागे अंगण. अंगणात पत्र्याचा गोठा, त्यात गौरी नावाची गीर गाय आणि तिची कालवड. स्वयंपाकघराच्या खिडकीत राघू. आणि मोती हा कुत्रा, सहा वर्षांपूर्वी गल्लीतून घरात आलेला आणि घरचाच झालेला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमच्या गल्लीतली गटारं उलटी वाहिली आणि गोठ्यात गुडघाभर पाणी साचलं. आत्याने गौरीला रात्रभर ओसरीत बांधलं होतं. त्यानंतर शेणाचा वास, गटार तुंबणं, डास यावरून शेजाऱ्यांचं बोलणं वाढलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चार घरांची मिळून एकच अरुंद गटार आहे, आणि आत्याच्या हातून पूर्वीसारखी झाडलोट होत नव्हती.

उत्तरायण उरकलं आणि वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. एक पान, गुजरातीत. जनावरांची नोंद आणि टॅग दाखवा, जनावरं ठेवण्याची परवानगी असल्यास सादर करा, मागच्या बांधकामाचे कागद आणा, सात दिवसांत उत्तर द्या. आत्या घाबरली. तिला वाटलं, उद्या सकाळी ढोर पार्टीची गाडी येऊन गौरीला घेऊन जाणार. रस्त्यावर मोकाट सापडलेली गुरं पकडून ढोर डब्यात, म्हणजे कोंडवाड्यात, नेणारं महापालिकेचं पथक म्हणजे ढोर पार्टी. तिथून जनावर सोडवायचं तर दंड, शिवाय दर दिवसाचा चाऱ्याचा खर्च. पण दावणीला बांधलेल्या गाईची नोटीस ही वेगळी गोष्ट. नोटीस आली म्हणजे जनावर लगेच जप्त होत नाही. उत्तर देता येतं, मुदत मागता येते. आत्याला हे पटवायलाच दोन दिवस गेले.

27 जानेवारीला मी वॉर्ड ऑफिसात गेले. नोटिशीची झेरॉक्स, वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची पावती, आत्याचं आधार कार्ड आणि तिच्या सहीचं पत्र, 'माझ्या वतीने भाची कागदपत्रं सादर करील', एवढं बरोबर नेलं होतं. हे पत्र आधीच करून घ्या. घर वडीलधाऱ्यांच्या नावावर आणि धावपळ करणारे आपण, असं असलं की पहिला प्रश्न 'तमे कोण?' हाच येतो. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेन, तुमचे प्रश्न तीन आहेत. गाय, गोठा आणि जागा. तिन्हीची टेबलं वेगळी."

त्या एका वाक्याने माझं अर्धं काम झालं. आपण म्हणतो 'गाय ठेवायला परवानगी आहे का?' आणि एकच होय-नाही मिळेल अशी अपेक्षा करतो. प्रत्यक्षात जनावराची नोंद-टॅग हा एक विषय, शेड मंजूर नकाशात आहे का हा दुसरा, आणि त्या जमिनीवर कोणता वापर चालतो हा तिसरा. शेजाऱ्यांना होणारा उपद्रव आणखी निराळा. तो तर बाकी सगळे कागद असले तरी उभा राहू शकतो.

मुदतवाढीचा साधा अर्ज तिथेच लिहून दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. पुढे खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेच्या मुख्य कचेरीत, याच शिक्क्याच्या प्रतीमुळे माझं ऐकून घेतलं गेलं.

आधी जागेचं. फेब्रुवारीत सिटी सर्व्हेमधून प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढली. फी किरकोळ होती, पण वेळ गेला, कारण घर अजून आजोबांच्याच नावावर होतं आणि वारसांची नावं चढलेली नव्हती. जुन्या घरांत हे हमखास आढळतं. तेवढ्यासाठी आमचं काम अडलं नाही, पण चौकशी जनावराची असली तरी ती घराच्या कागदांपर्यंत पोचते हे लक्षात ठेवा. मग नगररचनेच्या टेबलावर विचारलं. तिथल्या तरुण अभियंत्याने गुजरातची विकास नियंत्रण नियमावली, सीजीडीसीआर-2017, संगणकावर उघडून दाखवली. पशुपालन, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय हे वापर शेती विभागाखाली आहेत. आमची जागा जुन्या शहराच्या दाट वस्तीत. गोठ्याची शेड कोणत्याच मंजूर नकाशात नव्हती. घर बांधलं तेव्हा मागे गोठा असणं इतकं साहजिक होतं की कोणी तो कागदावर आणला नसेल.

आता गाईच्या नोंदीचं. इथे थोडा मागचा संदर्भ लागतो, कारण गल्लीत प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. एक म्हणे, "तो कायदा तर सरकारने मागे घेतला." दुसरा म्हणे, "लायसन्स नसेल तर तुरुंग." दोघांच्याही बोलण्यात निम्मं तथ्य होतं. शहरात गुरं ठेवायला परवाना सक्तीचा करणारं, टॅग नसेल तर दंड आणि कैदेची तरतूद असलेलं विधेयक गुजरात विधानसभेने 2022 मध्ये मंजूर केलं होतं. गुरं पाळणाऱ्या मालधारी समाजाने मोठा विरोध केला, राज्यपालांनी ते परत पाठवलं, आणि 21 सप्टेंबर 2022 ला ते विधानसभेतच मागे घेतलं गेलं. त्याच दिवशी मालधाऱ्यांनी दुधाचा पुरवठा बंद ठेवला होता, हे बडोद्यात अनेकांना आठवत असेल. पण विधेयक मागे गेलं म्हणून महापालिकेचे अधिकार गेले नाहीत. मोकाट गुरांचा विषय उच्च न्यायालयात चालूच राहिला आणि टॅगिंग आणि नोंदणी कडक होत गेली. म्हणून 'कायदा रद्द झाला' या भरवशावर कोणी बसू नये.

गौरीच्या कानात पिवळा बिल्ला आधीपासून होता. बारा आकडी नंबर असलेला हा बिल्ला सरकारी पशु दवाखान्यातून मारतात. लाळ-खुरकूत, लंपी यांच्या लसी, रेतन, विमा, सगळं त्याच नंबरावर चढतं. लोक याला पशु आधार म्हणतात. आम्हाला वाटत होतं, हीच नोंदणी. तसं नाही. हा बिल्ला म्हणजे जनावराची पशुसंवर्धन खात्याकडची ओळख. शहरात ते कुठे ठेवायचं हे महापालिका बघते, आणि तिचा टॅग वेगळा. त्यासाठी मला विचारलेले प्रश्न साधेच होते. जनावरांना बसायला-उठायला स्वतःच्या मालकीची पुरेशी जागा आहे का? शेण-मुताची विल्हेवाट कशी लावता? चारा कुठे साठवता? गाय बाहेर सुटते का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे खरं उत्तर नव्हतं. शेण आजवर एक माणूस येऊन सायकलवरून न्यायचा. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला होता.

त्या संध्याकाळी आत्याशी सविस्तर बोलले. अर्ज करून पाहता आला असता. पण शेड कागदावर नाही, गटार सामाईक, आणि आत्याला खाली वाकून धार काढणं जमत नाही. परवानगी मिळाली असती तरी गौरीचे हाल थांबले नसते. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कालवडीला तिच्यापासून तोडायचं नाही. आणि कुठे ठेवशील ते मला आधी दाखवायचं." या दोन अटींवर पुढचं सगळं ठरलं.

जागा शोधण्यात जवळपास दीड महिना गेला. पांजरापोळीत चौकशी केली. तिथली माणसं चांगली वागली, पण दुभती, धडधाकट गाय घरी सांभाळणारं कोणी मिळालं तर आधी ते पाहा, असं त्यांनीच सांगितलं. दोन जणांनी चांगली किंमत देऊ केली, पण गाय पुढे कुठे जाणार हे नीट सांगेनात. तिथे आम्ही थांबलो. शेवटी आमच्या दूधवाल्याच्या नात्यातलं, डभोई तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब मिळालं. घरच्या आठ गाई, स्वतःची जमीन, शेणावर गोबर गॅस. धुळेटीनंतरच्या रविवारी आत्याला गाडीतून नेऊन दाखवलं. तिने गोठ्यातल्या गव्हाणींत हात घालून चारा पाहिला, पाण्याच्या टाक्या पाहिल्या आणि त्या घरातल्या सासूबाईंशी तासभर बोलली. पैसे घ्यायचे नाहीत हे तिथेच ठरलं. उलट पहिल्या उन्हाळ्याच्या चाऱ्यासाठी आम्ही 6,000 रुपये दिले. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतलं: गाय आणि कालवड सांभाळण्यासाठी दिली, पुढे द्यायची झाल्यास आधी आम्हाला कळवायचं.

आता गाय तिथवर न्यायची कशी? इथे कुणीही घाई करू नये. पहिल्या टेम्पोवाल्याने भाडं ठरवलं आणि "कागद आहेत ना?" विचारून फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. गुजरातचा पशुसंरक्षण कायदा 2017 च्या दुरुस्तीनंतर फार कडक झाला आहे, आणि संध्याकाळी 7 ते पहाटे 5 गुरांची वाहतूक त्यात बसत नाही. जनावर प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य आजार नाही, असं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र केंद्राच्या 1978 च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे लागतं. सरकारी पशु दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गौरीला आणि कालवडीला तपासलं, बिल्ल्यांचे नंबर प्रमाणपत्रावर लिहिले आणि वाहतुकीच्या परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा तेही सांगितलं. परवानगी यायला काही दिवस लागले. तेवढ्यात फोनवर 'एवढ्याशा अंतराला कशाला कागद' म्हणणारे बरेच भेटले. आम्ही थांबलो, आणि याचं मला समाधान आहे.

9 एप्रिलला पहाटे साडेपाचला टेम्पो निघाला. भाडं 3,200 रुपये. तळाला उसाचं पाचट आणि गोणपाट अंथरलं होतं, कडेला दोर आडवा बांधला होता, दोघींना थोडंच पाणी पाजलं होतं. उन्हाळ्यात सकाळी 8 च्या आत पोचायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाटेत एका नाक्यावर गाडी थांबवली गेली. प्रमाणपत्र, परवानगी, ज्यांच्याकडे नेत होतो त्यांचं पत्र आणि आत्याचं आधार दाखवलं आणि लगेच पुढे निघालो. मूळ कागद ड्रायव्हरकडे आणि झेरॉक्स आपल्याकडे असू द्या. पोचल्यावर आठवड्याभरात त्या गावच्या पशु दवाखान्यातून बिल्ल्यावरचं मालकाचं नाव बदलून घेतलं. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग पुढची लस, विमा, चौकशी सगळं जुन्या पत्त्यावर येत राहतं.

राघूचं प्रकरण नोटिशीत नव्हतंच. आम्हीच ते हातात घेतलं. आपला साधा हिरवा, गळ्याला गुलाबी कंठ असलेला पोपट हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित पक्षी आहे. पिंजऱ्यात पाळणं, विकणं, विकत घेणं, काहीच चालत नाही. प्रेमाने वाढवला, झाडाखाली पडलेलं पिल्लू होतं, याने फरक पडत नाही. आत्याकडे तो बारा वर्षं होता. "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायचा. घरोघरी पोपट दिसतात, आपल्याच दारी कोण येणार, असं सगळे म्हणाले. पण आता आत्याला माझ्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये यायचं होतं, आणि बेकायदा पिंजरा घेऊन नव्या घरात शिरायचं नाही असं तिनेच ठरवलं.

वन खात्याची हेल्पलाइन 1926 आहे. जखमी पशुपक्ष्यांसाठी गुजरातमध्ये 1962 ची करुणा अँब्युलन्स आहे, पण आमचा राघू ठणठणीत होता, म्हणून वन खात्याकडेच विचारलं. पिंजऱ्यासकट घेऊन या, म्हणाले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नेला. पक्षी कधीपासून होता, कसा आला, स्वेच्छेने सोपवत आहोत, असा जबाब लिहून घेतला, आमची सही घेतली आणि पोच दिली. तिथल्या वनरक्षकांनी आत्याला खुर्ची दिली आणि समजावलं की इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकदम आकाशात सोडत नाहीत. आधी मोठ्या जाळीत पंखांना सवय लावतात, इतर पोपटांत मिसळतो का बघतात, आणि नाहीच जमलं तर तिथेच सांभाळतात. म्हणून घरी पोपट असलेल्यांना कळकळीची विनंती: कायद्याच्या भीतीने पिंजऱ्याचं दार उघडून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. त्याला अन्न शोधता येत नाही, आणि मांजरं-घारी टपलेल्याच असतात.

याच ओघात परदेशी पक्ष्यांचंही कळलं, कारण माझ्या शेजारणीकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले असे पक्षी पाळायला बंदी नाही, पण 28 फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. मकाव, काकाकुवा, सन कॉन्यूर हेही यातच येतात. बजरीगर आणि कॉकटील साइट्सच्या यादीत नाहीत. आता नवा पक्षी घेताना दुकानदाराकडे त्याच्या कायदेशीर मालकीचे कागद मागाच.

राहिला मोती. त्याच्यासाठी सर्वांत जास्त बोलावं लागलं, आणि तेही माझ्याच सोसायटीत. आत्या मे महिन्यात राहायला येणार हे कळल्यावर एका सदस्याने ग्रुपवर लिहिलं की सोसायटीत कुत्रा चालणार नाही, बहुमताने ठराव करू. मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. सेक्रेटरींना भेटून भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक छापून दिलं. त्यात स्पष्ट आहे: पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट वापरू न देणं किंवा कायद्यात नसलेला दंड लावणं हेही योग्य धरलेलं नाही. मात्र त्याच परिपत्रकात मालकाच्या जबाबदाऱ्याही आहेत, आणि मी त्या आधी वाचून दाखवल्या. लस, नसबंदी, पट्टा, घाण उचलणं, भुंकण्याचा त्रास होऊ न देणं. लिफ्टची भीती वाटणाऱ्या एका काकूंसाठी मी आपण होऊन ठरवलं की त्या असतील तर आम्ही थांबू. त्यानंतर बहुमताचा विषय बैठकीत आलाच नाही.

कागदांपैकी मोतीचं लसीचं पुस्तक पुरात भिजून गेलं होतं. डॉक्टरांनी सगळं नव्याने केलं. रेबीजची लस 350 रुपये, बाकीची एकत्र लस 900, तपासणी 300. नसबंदी आधी झालेली होती. तिचा दाखला नव्हता, म्हणून तपासून नवं प्रमाणपत्र लिहून दिलं. कुत्र्याच्या महापालिकेतल्या नोंदीसाठी वॉर्ड ऑफिसात रेबीजचं प्रमाणपत्र, कुत्र्याचा फोटो, माझं ओळखपत्र आणि वेऱ्याची पावती दिली. मी भाड्याने राहत असते तर घरमालकाचं पत्रही लागलं असतं, असं तिथे सांगितलं. मोती देशी आहे, गल्लीतला आहे, याने काही अडलं नाही. उलट पशुवैद्यक म्हणाल्या की बडोद्याच्या उन्हाळ्यात जाड केसांच्या विलायती जातींचे जे हाल त्या रोज पाहतात, त्यापुढे मोती सुखी आहे.

मेअखेरीस अंगणातली शेड उतरवली, मजुरी 2,500 रुपये. आधीचे आणि नंतरचे फोटो, वाहतुकीचं प्रमाणपत्र, मालक बदलल्याची नोंद आणि एक पानी उत्तर असं सगळं वॉर्ड ऑफिसात दिलं. एक कर्मचारी येऊन जागा पाहून गेले. 'काम झालं, आता घरी जा' एवढ्यावर निघू नका. नोटीस निकाली निघाल्याचं लेखी मागा. आम्हाला ते 18 जूनला मिळालं, आणि त्याची एक प्रत मी शेजारच्या घरांतही देऊन आले, कारण तक्रार त्यांची होती आणि तिचं काय झालं हे कळण्याचा हक्कही त्यांचा.

आत्या महिन्यातून एकदा डभोईला जाते. जुलैत कालवडीचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून तुटला. आम्ही गाय देताना दोघींच्या बिल्ल्यांचे आणि चेहऱ्यांचे जवळून फोटो काढून ठेवले होते. ते पाठवल्यावर तिथल्या डॉक्टरांनी जुन्या नंबरावरची लसीची नोंद शोधून नव्या बिल्ल्याला जोडली. कान पिकला होता, त्याला आठ दिवस हळद आणि मलम लावलं, आता बरा आहे. पुढची लाळ-खुरकुतीची लस पावसाळा संपल्यावर आहे, ती तारीख आत्याने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.